निरोपपेटी

पोलादपूर, ११ फेब्रुवारी २००१

अंधेरीची नोकरी दिवाळीच्या तोंडावर गेली. तेव्हापासून ही वही उघडली नव्हती. लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते लिहायची लाज वाटत होती. कंपनीनं आम्हा सगळ्यांना एका खोलीत बोलावलं, चहा दिला, आणि मग सांगितलं. चहा आधी दिला, हे अजून डोक्यातून जात नाही.

आता मी दादांच्या एसटीडी बूथमध्ये बसतो. स्टँडसमोर, चांगूच्या चहाच्या टपरीला लागून. दादांचे गुडघे गेलेत, त्यामुळे ते घरीच असतात. मुलगा मुंबईहून परत आला याचं त्यांना बरं वाटतंय की वाईट, ते कळू देत नाहीत. लोक मात्र विचारतात. सुट्टीवर का? किती दिवस?

आज लिहायला कारण आहे. बूथमध्ये रोज एकच गोष्ट बघतो. वरच्या वाड्यांतल्या बायका बाजाराच्या दिवशी खाली उतरतात आणि मुंबईला फोन लावतात. तिकडे फोन असतो खोलीखालच्या पानवाल्याकडे. तो म्हणतो, बोलावतो, थोड्या वेळानं करा. बाई बाकावर बसून राहते. मुलगा कामावर असतो. मग तिची गाडी लागते आणि ती न बोलताच वर जाते. पुन्हा आठवडाभर काही नाही.

माझा कॉम्प्युटर घरी चादरीखाली पडून आहे. त्याला आवाज साठवणारा मोडेम बसवला तर हे सगळं सुटतं. प्रत्येक घराला एक पेटी, पेटीला नंबर. आईनं इथं येऊन बोलून ठेवायचं. मुलानं काम सुटल्यावर कुठल्याही पीसीओवरून आमचा नंबर फिरवायचा, पेटीचा नंबर दाबायचा, ऐकायचं, आणि आपलं बोलणं ठेवून द्यायचं. दोघं एकाच वेळी फोनपाशी असायची गरजच नाही.

नूतनला सांगितलं. भाकरी थापता थापता तिनं एवढंच विचारलं, "लिहिता-वाचता न येणाऱ्याला जमेल?" म्हटलं, त्यांच्यासाठीच तर आहे. "मग करा," म्हणाली.

४ मार्च

मशीन चालू झालं. नाव ठेवलं 'निरोप'. सूचना माझ्याच आवाजात भरल्या. 'निरोप सेवेत आपले स्वागत आहे. कृपया आपला पेटी क्रमांक दाबा.' सगळं बिनचूक चालतं, पण लोक ऐकतात आणि फोन ठेवून देतात. एका म्हातारीनं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कोनतरी सरकारी मानूस बोलतोय. मी काय नाय केलेलं."

११ मार्च

सूचना नूतनच्या आवाजात भरून पाहिल्या. मी लिहून दिलेलं तिनं वाचलंच नाही. माइकसमोर दारात उभी राहून बोलावं तशी बोलली. 'मी नूतन, पोलादपूरहून. पेटीचा नंबर दाबा.' आणि नंबर दाबला की, 'हं, बोला आता. सावकाश.' मी म्हटलं, या 'सावकाश'ची काही गरज नाही. ती म्हणाली, ठेवून तर बघा.

ठेवलं. आज एकानंही मधेच फोन ठेवला नाही. बायकांच्या आवाजाची पट्टी वरची असते, आपल्याकडच्या खरखरणाऱ्या लाइनवर ती स्पष्ट जात असावी. हे पुढे उपयोगी पडेल.

२५ मार्च

आज बोरमाळची भागूबाई आली. बोरमाळ म्हणजे महाबळेश्वरच्या रस्त्याला फाट्यावर उतरून, ओढा ओलांडून चढायची वाडी. नवरा नाही. एक म्हैस, दोन शेरडं, वरीचं थोडं रान. एकुलता एक मुलगा नाथू मुंबईला, इमारतींत फरशी घासायच्या मशीनवर. माझगावात बोरमाळकरांची सामाईक खोली आहे, तिथं राहतो.

तिला हेडफोन डोक्यावर बसवता येईना. नूतननं तो तिच्या कानाशी धरला. आतून नूतनचाच आवाज आला, 'हं, बोला आता,' तशी म्हातारीनं मशीनकडे नाही, शेजारी बसलेल्या नूतनकडे बघून सुरुवात केली. "व्हय गो बाय, बोलते. नाथ्याला सांग, म्हस गाभन हाय. नि त्याला म्हनावं, रातच्याला उपाशी निजू नको." हे सगळं नूतनला सांगितल्यासारखं. नाथूला ते चालेल का, असा मला प्रश्न पडला. पण रात्री बघतो तर त्याचं उत्तर पेटीत आलेलं होतं. चालत असावं.

२२ एप्रिल

माझ्या अपेक्षेबाहेर चाललंय. आसपासच्या बहुतेक वाड्यांतून पेट्या घेतल्यात. शिवथरकडचेही विचारायला आले, ते नूतनचं माहेर. दादा काल मशीन बसल्यापासून पहिल्यांदा बूथवर आले, तासभर बसले, आणि जाताना चांगूला म्हणाले, "पोरानं काढलंय डोकं." हे मला चांगूनं सांगितलं.

एक गोष्ट खटकते. लोक याला 'निरोप' म्हणत नाहीत. 'ताईचा फोन' म्हणतात. "ताईचा फोन चालू हाय का?" मी समोर बसलेला असतो, कॉम्प्युटर माझा, प्रोग्राम माझा, रात्ररात्र जागलो मी. आणि विचारतात, "ताई नाय का आज?" मी सांगतो, मी आहे की. तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे, येतो मागून."

हे लिहून ठेवणं बरं नाही. पण इथं खोटं लिहून उपयोग काय.

६ मे

मुरारी आला होता. शाळेत माझ्या वर्गात होता, महाडला त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. मशीन बघून त्याचे डोळे चमकले. म्हणाला, हे पोलादपुरात ठेवून कुजवू नकोस, महाडला काढू, मग माणगाव, मग खेड. पुण्यात त्याच्या ओळखीची एक कंपनी अशाच गोष्टी विकत घेते. "पण त्यांना आकडा लागतो, सुधीर. रोज निरोप किती, तेवढंच विचारतात."

त्यानं मला एक इंग्रजी मासिक दिलं. त्यात एक लेख आहे, एखादं सॉफ्टवेअर यशस्वी का होतं यावर. दोनदा वाचला. त्यातलं एक वाक्य तर मीच लिहायला हवं होतं. वापरणाऱ्याला मधल्या माणसाची गरज पडू नये. आमच्याकडे नेमकं तेच होतंय. एक बाई आली की नूतन तिच्याजवळ अर्धा अर्धा तास बसते. मागची रांग तशीच.

शिवाय ती निरोपांमागे पळते. कोणाच्या पेटीत काही आलं की ती चांगूला सांगते, चांगू दूधवाल्याला, दूधवाला फाट्यावर, आणि तिथून कोणीतरी वर हाक मारतं की तुझ्या पोराचं बोलणं आलंय, खाली ये. मी म्हटलं, आपण टपालखातं नाही. ज्याला गरज आहे तो येईल.

नूतन म्हणाली, "त्यांना कळल्याशिवाय कसे येतील?"

२० मे

आज भांडण झालं. जेवताना नूतन सहज म्हणाली, "नाथूचा आवाज बसलाय. मार्चमधे असा नव्हता. बोलता बोलता थांबतो, मग पुढचं बोलतो." मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, भागूमावशीच्या कानाला हेडफोन मीच धरते की, ऐकू येतंच.

मी खूप बोललो. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं चूक आहे, पुण्याच्या माणसांना कळलं तर ते उभंही करणार नाहीत, एक दिवस कोणीतरी भांडायला येईल. मी स्वतः आजवर एकही निरोप ऐकलेला नाही आणि मला त्याचा अभिमान आहे. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मावशीला त्याचा आवाज बसलाय हे कळलं नाही. ती त्याचे शब्दच ऐकते. म्हणून मी तिला सांगितलं, त्याला डॉक्टरकडे जायला सांग. यात माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, उद्यापासून बूथवर येऊ नकोस. घरी आईला मदत हवीच आहे.

हे म्हणायला मला प्रायव्हसी हे कारण होतं. तेच कारण होतं का, हे झोपताना स्वतःला विचारलं. होतं, असं वाटतं.

३ जून

बदल केले. भिंतीवर मोठा फलक लावला, चित्रांसकट, पेटी कशी उघडायची. हेडफोन काढून साधा रिसीव्हर लावला. पेटी फक्त तिच्या मालकानं उघडायची, मी नाही, कोणी नाही. आणि सगळ्यात मोठा बदल, निरोप तीन मिनिटांवरून पाऊण मिनिटावर आणला. बहुतेक लोक पहिला भाग बरी आहेस का, बरा आहे, पाऊस आहे का यातच घालवतात. लाइन अडकून राहते आणि दुसऱ्याला लागत नाही.

त्यासाठी नूतनच्या आवाजात एक वाक्य हवं होतं. 'वेळ संपली.' ती नको म्हणाली. मी म्हटलं, बाकी सगळा आवाज तुझा आहे, एवढंच वेगळं कसं वाटेल? संध्याकाळी आली, उभ्या उभ्याच बोलली आणि गेली. 'सावकाश' काढून टाकलं. आता ते विसंगत वाटलं असतं.

२४ जून

मुरारीला लगेच फोन करून सांगितलं. निरोपांची संख्या दुप्पट झाली, तीन आठवड्यांत. नोंदी दोनदा तपासल्या. तेच लोक आता एकाच संध्याकाळी दोन-दोनदा, तीन-तीनदा फोन करतायत. सवय लागतेय. लेखात म्हटलंय तसंच, चांगली वस्तू ती, जिच्याकडे माणूस पुन्हा पुन्हा येतो.

घरी सांगितलं. दादा हसले. नूतन म्हणाली, "पुन्हा का करतात?" मी म्हटलं, आवडतं म्हणून. ती भांडी घेऊन उठली.

१५ जुलै

महाडला मुरारीच्या दुकानात दुसरं मशीन बसलं. तिथं बघायला कोणीच नाही, फक्त फलक आणि रिसीव्हर. शहरातली माणसं शिकलेली, चालवतील.

इथं भागूबाई आली होती. भिजलेली, घोंगडीची खोळ डोक्यावर. आत येऊन उभी राहिली. मी फलक दाखवला. ती फलकाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मीच तिच्या पेटीचा नंबर दाबला, रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि बाहेर चांगूकडे जाऊन उभा राहिलो. ऐकायचं नाही म्हणजे नाही. परत आलो तर तिनं रिसीव्हर मांडीवर धरलेला, त्यातून बारीक आवाज येत होता. विचारलं, ऐकलं का? म्हणाली, "बोलला कायतरी. बाय कंदी येनार?"

१० ऑगस्ट

पुण्याचे गृहस्थ मंगळवारी येणार, पक्कं झालं. सकाळपासून वायरी नीट करतोय. लाइन परवा दिवसभर बंद होती, आता चालू आहे.

भागूबाई पुन्हा आली. या वेळी तिनं मला सरळ सांगितलं, तूच लाव, तो भोंगा लाव, मला त्यातून ऐकू येत नाय. गर्दी नव्हती, म्हणून स्पीकर लावला. नाइलाजानं मलाही ऐकावं लागलं. नाथूचा कालचा निरोप, थांबत थांबत बोललेला. "आये, बरी हायस ना. मी येतोय गावाला. खोलीवरली मानसं बोल्ली, जा म्हनून. आता हितं काय ऱ्हाऊन—" आणि नूतनचा आवाज, 'वेळ संपली.'

म्हातारीनं तो तीनदा लावायला सांगितला. मग बाहेर जाऊन चांगूला, भाजीवालीला, कंडक्टरला, सगळ्यांना सांगितलं की नाथ्या येतोय गणपतीला. गेली दोन वर्षं त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तिनं गूळ घेतला, नारळ घेतले, आणि भिंतीला लावायला एक चमकीची माळ. मला म्हणाली, "तुजं मशीन लय गुनाचं हाय, बाबा." पहिल्यांदाच कोणीतरी मशीनला माझं म्हटलं.

घरी नूतनला हौसेनं सांगितलं. तिनं विचारलं, "कसा बोलत होता?" कसा म्हणजे? "आवाज कसा होता?" म्हटलं, ठीक होता, थोडा दमलेला, काम करून आला असेल. "गणपतीला येतो म्हणाला?" येतो म्हणाला, गणपती दहा-बारा दिवसांवर आलेत, दुसऱ्या कशाला येईल? "आणि पुढे काय म्हणाला?" वेळ संपली.

ती कणीक मळत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "त्यानं पुन्हा फोन केला असेल. तो अर्ध्यावर सोडणाऱ्यातला नाही. बघा ना जरा."

मी म्हटलं, लगेच पुन्हा केलाच असेल असं नाही, आणि पेटी भागूबाईची आहे, मी उघडू शकत नाही. मीच केलेला नियम मीच मोडायचा का? पण तिचं तोंड बघून म्हटलं, बघतो उद्या.

१४ ऑगस्ट

उत्तम झालं. पुण्याचे गृहस्थ दोन तास बसले. नोंदी बघितल्या, महिन्याचे आलेख बघितले. एक बाई येऊन फलक बघून स्वतः बोलून गेली, ते त्यांच्यासमोरच झालं, नशीब माझं. जाताना म्हणाले, "मधे माणूसच नाही, हे मला सगळ्यात आवडलं." मुरारीनं बाहेर गेल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली.

अंधेरीत चहा पिऊन बाहेर पडलो तेव्हापासून छातीवर काहीतरी बसलेलं होतं. ते आज उठलं.

१६ ऑगस्ट

नाथू गेला.

दुपारी कळलं. बोरमाळच्या वाटेवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, गवताला गेलेल्या बायकांना दिसला. दगडाला टेकून बसलेला होता. पिशवी मांडीवर. त्यांना वाटलं, दम खातोय. हाक मारली.

१७ ऑगस्ट

काल पुढचं लिहवेना.

चांगूनं मला बाजूला घेऊन सांगितलं. पहाटेच्या मुंबई गाडीनं नाथू उतरला. चांगूनं त्याला आधी ओळखलंच नाही, इतका वाळला होता. चहा अर्धाच प्याला. मग बूथच्या पायरीवर जाऊन बसला. पत्र्यावरून पाणी गळत होतं तरी तिथंच. चांगूनं त्याला टपरीत बोलावलं, तर म्हणाला, हितंच बरा हाय, वाडीची मानसं यायची हायेत मला न्यायला. बराच वेळ बसला. मग विचारलं, ताई कंदी येतात? चांगू म्हणाला, ताई आता येत नाय रे, बंद झाल्या. महाबळेश्वरची पहिली गाडी लागली तशी नाथू उठला.

"मी दुकान टाकून गेलो असतो," चांगू म्हणाला. "पन तो बोल्ला मानसं येनार हायेत. मला वाटलं, फाट्यावर आली असतील."

मग मी आत जाऊन पेटी उघडली. नियम वगैरे काही आठवलं नाही.

दुसरा निरोप होता. नऊ तारखेचाच, पहिल्याच्या मागोमाग. या वेळी तो भराभरा बोलत होता, मधे मधे श्वास लागत होता, तरी थांबत नव्हता.

"आये, मगाशी तुटलं. आईक. डाक्टर बोल्ला, छातीत धूळ बसली. काम सुटलं माजं. बुधवारी रातच्या गाडीनं बसतोय, गुरवारी पहाटं पोलादपूर. चार पावलं चालवत नाय मला. डोली घेऊन मानसं धाड, स्टँडवर. नूतनताई, तुमी आईकत असाल तर चांगूच्या हातनं निरोप द्या वर. आये, रडू नको, गावाला आलो म्हंजे—"

हा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत मशीनमध्ये पडून होता. स्क्रीनवर भागूबाईच्या पेटीसमोर हिरवा दिवा लागलेला होता. पेटीत नवीन निरोप आहे, हे मशीन दाखवत होतं. त्यात कसलाही दोष नव्हता.

१८ ऑगस्ट

नूतननं ऐकला. तिनंच मागितला. ऐकून झाल्यावर रिसीव्हर जागेवर ठेवला, पदरानं पुसला.

"दहा तारखेला तुम्ही म्हणाला होता, उद्या बघतो."

मी सांगितलं, पुण्याचे येणार होते, वायरी, लाइन. तिनं मान हलवली, जणू माझी गाडी चुकली असं मी सांगत होतो.

मग म्हणाली, "त्याला 'वेळ संपली' मी सांगितलं."

मी म्हटलं, तू नाही, मशीननं.

"तो मशीनला ताई म्हणत नव्हता. माझा आवाज काढून टाका त्यातून."

मी म्हटलं, आज काढला तर सगळं बंद पडेल, गणपतीचे दिवस, सगळ्यात जास्त फोन आत्ताच येतात. हे मी बोललो. बोलून झाल्यावर ऐकू आलं.

ती शिवथरला गेली. दादांनी तिला गाडीत बसवून दिलं. माझ्याशी ते तेव्हापासून बोललेले नाहीत.

२२ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. बोरमाळात गणपती बसला नाही. सगळी वाडी एकाच भावकीची, सगळ्यांना सुतक. माझगावच्या खोलीवरची माणसं काल आली, मखराचं सामान, फटाके, पोरांचे कपडे घेऊन. स्टँडवर उतरल्यावर चांगूनं त्यांना सांगितलं. त्यांतल्या एकानंच नाथूला गाडीत बसवून दिलं होतं. तो बराच वेळ सामानावर बसून होता. मी बूथमधून बघत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

निरोपाची वेळ पाऊण मिनिटावरून पुन्हा तीन मिनिटांवर न्यायला दोनदा बसलो. दोन्ही वेळा फोन वाजला आणि उठलो.

२ सप्टेंबर

भागूबाई आली. बरोबर तिच्या भावकीतली आवडी नावाची बाई होती, ती दाराबाहेरच थांबली.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडायला हवं होतं तिनं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, त्याचं मागचं बोलणं हाय म्हनतात, ते लाव.

लावलं. भोंग्यावर. ती मान खाली घालून ऐकत होती. 'डोली घेऊन मानसं धाड' आलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"हे कवा आलं व्हतं?"

"तुम्ही आला होता त्याच्या आदल्या दिवशी. पहिल्याच्या मागोमाग."

"मी हितंच व्हते. ह्या बाकड्यावर. मला एकच लावलंस."

मी सांगितलं, पहिला संपल्यावर पुढच्यासाठी बटण दाबावं लागतं, फलकावर लिहिलंय. तुम्ही पहिलाच पुन्हा लावायला सांगितलात. मला वाटलं, एकच असेल.

"तू नाय आईकलंस?"

"मी कोणाचंच ऐकत नाही, मावशी. नियम आहे."

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, म्हणून ते जास्त वाईट होतं.

"मग आईकत व्हतं कोन?"

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग आवडीला हाक मारली आणि तिच्या खांद्याला धरून उठली.

९ सप्टेंबर

शिवथरला जाऊन आलो. सासूबाईंनी जेवायला वाढलं. नूतन बाहेर आली, समोर बसली. भागूबाईची म्हैस व्याली का, ते विचारलं. मला माहीत नव्हतं. तिला त्याचंच जास्त वाईट वाटल्यासारखं दिसलं. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, आवाज काढलात का? मी म्हटलं, काढतो.

"काढा, मग बोलू."

१६ सप्टेंबर

मुरारी येऊन गेला. पुण्याची कंपनी तयार आहे. नोव्हेंबरात करार, दिवाळीनंतर चार तालुक्यांत मशीनं. ऑगस्ट हा आपला सगळ्यात मोठा महिना ठरला, म्हणाला. मी नोंदी उघडून त्याला दाखवलं की एकच माणूस एकाच संध्याकाळी एकाच पेटीत दोनदा, तीनदा का बोलतो. बोलणं अपुरं राहतं म्हणून. जूनपासून हे माझ्यासमोर होतं. मुरारीनं पाहिलं आणि म्हणाला, "हे त्यांना सांगायची काही गरज नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाला, झालं ते वाईट झालं, पण तो पोरगा तसाही वाचला नसता.

हे मीही स्वतःला सांगून पाहिलंय. खरं असेल. पण तो घरी मेला असता. आईच्या समोर, अंथरुणावर.

मी मुरारीला हो म्हणालो नाही. नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. कळवतो म्हणालो.

तो गेल्यावर नूतनचा आवाज पुसला. एकेक वाक्य निवडून. 'मी नूतन, पोलादपूरहून.' 'हं, बोला आता.' पुसण्याआधी मशीन प्रत्येक वाक्य एकदा वाजवून दाखवतं आणि विचारतं, नक्की ना? मीच तसं केलंय, चुकून काही जाऊ नये म्हणून. शेवटी 'वेळ संपली' राहिलं. तेव्हा भोंगा बंद केला आणि न ऐकताच पुसलं.

अंधार पडता पडता फोन वाजला. मशीननं उचलला आणि गप्प राहिलं, कारण आता त्याच्यात काहीच नव्हतं. पलीकडून एक बाई हॅलो, हॅलो म्हणत होती. मागे रस्त्याचा आवाज, कुठलातरी पीसीओ. मी रिसीव्हर उचलला.

"बोला."

ती दचकली असावी. "ताईचा फोन हाय ना हा?"

"हो."

"ताई नाय का?"

"नाही. तुम्ही मला सांगा. मी वर पोचवतो."

ती थांबली. तिचं मीटर चालू होतं, तरी थांबली. मग म्हणाली, "कवा येतील त्या?"

"माहीत नाही. मी सुधीर. त्यांचा नवरा. सांगा तुम्ही, मी ऐकतोय."

"नको, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

रिसीव्हर जागेवर ठेवला. पुन्हा करेल म्हणून वाट पाहिली. कोणत्या वाडीची, कोणाला निरोप द्यायचा होता, एवढं तरी विचारायला हवं होतं. मी माझंच नाव सांगत बसलो.